ओवी आणि जात्याची घरघर: मिसळलेले ध्वनी वेगळे करण्याचे शास्त्र

नगर शहरालगतच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचा लिलाव रंगात आलेला असताना जो कोलाहल उठतो, त्यात भाव पुकारणाऱ्याचा चढा सूर असतो, बोली वाढवणाऱ्या व्यापाऱ्यांचे तुटक आकडे असतात, गोण्या वाहणाऱ्या हमालांच्या हाका असतात, उभ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची थरथर असते, आणि या सर्वांची मिळून झालेली एकच लाट आपल्या मालापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या कानांवर आदळत असते. तरीही आपल्या कांद्याला लागलेला भाव त्यास बिनचूक ऐकू येतो. दोन कान व एक मेंदू हे काम इतक्या सहजतेने उरकतात की त्यात काही नवल आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. तोच कोलाहल एका मायक्रोफोनने टिपून यंत्राच्या स्वाधीन केला आणि यातून पुकारा करणाऱ्याचा आवाज तेवढा निराळा काढून द्यावा असे त्यास फर्मावले, म्हणजे मग या सहजतेमागे केवढे गहन कौशल्य आहे याची कल्पना येते. कारण मायक्रोफोनच्या पडद्यास प्रत्येक क्षणी सर्व आवाजांच्या दाबाची केवळ बेरीज कळते, ती बेरीज सेकंदास ४४,१०० वेळा नोंदली जाते, आणि त्या बेरजेत कोणाचा वाटा किती होता याचा दाखला त्या नोंदीत कोठेही स्वतंत्रपणे लिहिलेला नसतो.

हा वाटा शोधून काढणाऱ्या गणिती कार्यपद्धतींमध्ये, म्हणजे ध्वनी विलग करणाऱ्या अल्गोरिदममध्ये, गेल्या चाळीस वर्षांत झालेली सुधारणा खरोखर विस्मयकारक आहे. परंतु ती कोणत्या मुलुखातील आवाजांच्या आधारे झाली, आणि ज्या जिल्ह्यातून आषाढी वारीच्या दिंड्या टाळमृदंगाच्या गजरात जातात, ज्या जिल्ह्यात नेवाशास ज्ञानेश्वरीची ओवी उमटली आणि पिढ्यानुपिढ्या बाजरी दळताना बायांच्या कंठातून दुसरी, लोकांची ओवी वाहत राहिली, त्या नगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या आवाजांना ती कितपत लागू पडते, हा प्रश्न मला त्या सुधारणेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

या विषयाचा आरंभ बहुधा लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून धरला जातो, आणि मेजवानीच्या गजबजाटात माणूस एकाच संवादाकडे कान कसा लावू शकतो या कोड्यास 'कॉकटेल पार्टीचा प्रश्न' हे नाव तेव्हापासूनचे आहे. चेरी यांनी श्रोत्याच्या एका कानात एक मजकूर व दुसऱ्या कानात दुसरा मजकूर ऐकवला, आणि एकाच कानातील मजकूर बरोबरीने मोठ्याने म्हणत जाण्यास सांगितले. दुर्लक्षित कानातील आवाज पुरुषाचा जाऊन स्त्रीचा झाला तर ते श्रोत्यास कळे. पण तेथे इंग्रजी सुटून जर्मन भाषा सुरू झाली, तरी त्याचा पत्ता लागत नसे. आवाजाची जात कान आधी पारखतो आणि अर्थाकडे मागाहून वळतो, हे या प्रयोगांतून दिसले. शिवाय एका बाजूने येणारा आवाज एका कानास दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोहोचतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, परंतु तेवढ्यावरून मेंदू आवाजाची दिशा ठरवतो. यंत्रास एकाऐवजी अनेक मायक्रोफोन देण्याची कल्पना येथूनच बळावली.

अनेक मायक्रोफोन असले तरी कोणता आवाज कोठून येतो, त्याचा रंग कसा, बोलणारे कोण, हे काहीही ठाऊक नसताना मिश्रण फोडावयाचे कसे? १९८०च्या दशकाच्या मध्यास ग्रनोबल येथील झानी एरो व क्रिस्तियाँ झुतेन यांनी याचे उत्तर शोधण्यास आरंभ केला, १९९४ साली पिएर कोमों यांनी त्यास रीतसर गणिती पाया घालून दिला, आणि त्याच्या पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियातील अँथनी बेल व टेरेन्स सेनोव्स्की यांनी संगणकावर मिसळलेले दहा जणांपर्यंतचे आवाज निरनिराळे करून दाखवले. या पद्धतीचे मर्म समजण्यास फारसे गणित लागत नाही. एका माणसाच्या बोलण्यात स्तब्धता पुष्कळ असते आणि मधूनच मोठे आघात येतात. पण अनेकांचे बोलणे एकत्र केले की ही विषमता बुजत जाते आणि आकड्यांची मांडणी सांख्यिकीतील सुपरिचित घंटाकार रेषेकडे झुकू लागते. तेव्हा मायक्रोफोनांच्या नोंदी निरनिराळ्या प्रमाणात एकमेकींत मिळवून अथवा वजा करून पाहाव्या, आणि ज्या प्रमाणात निघालेली नोंद घंटाकार रेषेपासून अधिकात अधिक दूर जाते, ते प्रमाण खरे मानावे. तेथे एक आवाज सुटा झालेला असतो. स्रोत जितके असतील निदान तितके मायक्रोफोन हवेत, ही तिची अट होय; आणि भिंतींवरून परतणारे प्रतिध्वनी आले की हिशेब फार अवघड होतो, ही तिची उणीव होय.

परंतु या अटींहून खोल एक गृहीतक त्या पद्धतीच्या नावातच बसलेले आहे, ते स्वातंत्र्याचे. इंडिपेंडंट कंपोनंट ॲनालिसिस या नावाने ती ओळखली जाते, आणि प्रत्येक स्रोत इतरांची पर्वा न करता आपल्या मार्गाने चालतो असे ती धरून चालते. नेप्तीच्या लिलावात हे बऱ्याच अंशी खरे आहे: ट्रॅक्टरच्या इंजिनास बोलीशी कर्तव्य नाही, आणि हमालाची हाक व्यापाऱ्याच्या आकड्यास बांधलेली नाही. मेजवानीतील पाहुण्यांबाबतही ते खरे आहे. मात्र माणसे जेथे एकमेकांचे ऐकून, एकमेकांच्या सुरात सूर मिळवून आवाज काढतात, तेथे हे गृहीतक ढासळू लागते, आणि आपल्याकडील ध्वनिसंपदेचा मोठा व मोलाचा भाग नेमका याच जातीचा आहे.

त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून जाते, तेव्हा तिच्या दिंड्यांतून चाललेले भजन जवळून ऐकण्यासारखे असते. मध्ये विणेकरी, दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये पखवाज, आणि एकाने धरलेले चरण सर्वांनी उचलायचे अशी रीत. येथे टाळ पखवाजास धरून असतो, पखवाज पावलास धरून असतो, गळे एकमेकांस धरून असतात. एक थबकला की सारे थबकतात. स्वातंत्र्याचा येथे लवलेश नाही आणि तो असू नये हीच तर भजनाची अपेक्षा आहे. त्यात पखवाजाची रचना आणखी एक अडचण उभी करते. साध्या ताणलेल्या चामड्याच्या नादातील उपस्वर एकमेकांशी पूर्णांकांच्या प्रमाणात नसतात, म्हणून पाश्चात्य ढोलाचा आवाज निव्वळ आघातासारखा भासतो व यंत्रास तो गळ्यापासून चटकन ओळखू येतो. परंतु आपल्या चर्मवाद्यांच्या तोंडावर दिलेल्या शाईमुळे ते उपस्वर जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात येऊन बसतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले होते. म्हणून पखवाज वा तबला हा एकाच वेळी आघातही असतो आणि स्वरही. तो गायकाच्या षड्जाशी मिळवलेला असतो, आणि त्याचे उपस्वर गळ्याच्या उपस्वरांच्याच जागी येऊन उभे राहतात. शतकापूर्वी एका भौतिकशास्त्रज्ञाने ज्या गुणाचे कौतुक केले, तोच गुण आज ध्वनी विलग करणाऱ्यापुढे पेच होऊन उभा आहे.

मुक्कामी कीर्तन उभे राहिले की पेटीची भर पडते. पेटीवाला गायकाच्या मागोमाग, निमिषभराच्या अंतराने, तेच स्वर वाजवीत असतो, आणि दोघांचा सूर व मार्ग एकच असल्याने कोणता अंश कोणाचा हे सांगणे दुष्कर होते. या गुंत्यावर मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव व विश्वेश्वर राव यांनी जे काम केले व २०१० साली प्रसिद्ध केले, ते मला विशेष मननीय वाटते. मिश्रणात सर्वांत प्रबळ असा एकच स्वर शोधण्याच्या रूढ पद्धतीऐवजी त्यांनी एकाच वेळी दोन स्वरांचा माग ठेवला, आणि त्यांतील गळ्याचा कोणता हे ठरविण्यासाठी स्वरांच्या अस्थैर्याचा आधार घेतला: पेटीची पट्टी दाबली की तिचा स्वर जागच्या जागी स्थिर राहतो, मानवी गळा मात्र मींड घेतो, कंपतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. वाद्याचा आणि गायकीचा परिचय असल्यावाचून असा भेद सुचणे कठीण आहे.

दरम्यान, एकाच मायक्रोफोनवर भागवायचे असेल तर काय करावे, या दिशेनेही संशोधन चालू होते. त्यासाठी आवाजाचे सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात खालच्या-वरच्या कोणकोणत्या कंपनांत किती शक्ती आहे याचा तक्ता मांडतात. या तक्त्यातील हजारो घरांपैकी बहुतेक घरांत एका वेळी एकाच स्रोताचे वर्चस्व असते, असे आढळते. मग प्रत्येक घर कोणाच्या खाती टाकावयाचे एवढेच ठरवायचे राहते. हवी ती घरे राखून नको ती गाळणारी ही चाळण नेमकी कशी विणावी, यावर पुढील दोन दशकांचे बरेच श्रम खर्ची पडले. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात डेलिआंग वांग व एरिक हीली यांच्या गटाने २०१३ साली अशाच चाळणीने गोंगाटातील वाक्ये श्रवणदोष असलेल्या माणसांना पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक समजतात हे दाखवून दिले. श्रवणयंत्र लावूनही लग्नघरात गप्प बसून राहणारे वडीलधारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या शोधाची किंमत सांगावी लागणार नाही.

पण दिंडीपुढे ही चाळणही पुरी पडत नाही, आणि ते का हे टाळाच्या एका आघातावरून पाहता येते. काशाचे दोन टाळ एकमेकांवर आदळतात तेव्हा त्या क्षणी तक्त्याचा उभा स्तंभ तळापासून शेंड्यापर्यंत उजळून निघतो, आणि मग वरच्या कंपनांची रुणझुण पुढचा आघात येईपर्यंत रेंगाळते. नेमक्या याच वरच्या पट्ट्यात मराठीतील 'स', 'श', 'च' यांसारख्या वर्णांची बहुतेक सारी शक्ती असते. टाळ काढून टाकण्यास सांगितलेला अल्गोरिदम मग या वर्णांनाही टाळाचाच अंश समजून पुसतो, आणि उरलेल्या गळ्यात स्वर स्वच्छ असले तरी शब्द बोथट होतात. चाल कळते, अभंग कळत नाही. अशा ठिकाणी 'गळा वेगळा झाला' म्हणून समाधान मानणे मला तरी मान्य नाही.

२०१६ पासून या क्षेत्राची गती एकाएकी वाढली, ती खोल थरांच्या न्यूरल जाळ्यांमुळे. आता चाळण कशी असावी याचे नियम माणूस लिहीत नाही. मिश्रण व त्यातील सुटे आवाज अशा हजारो जोड्या जाळ्यास दाखवल्या जातात आणि ते आपले नियम आपणच बसवते. दोन अनोळखी माणसांचे बोलणे वेगळे केल्यावर कोणास पहिला म्हणावे व कोणास दुसरा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने बराच काळ वाट अडवली होती. २०१७ साली पुढे आलेल्या एका युक्तीने ती मोकळी केली: दोन्ही क्रम लावून पाहावे आणि ज्यात चूक कमी पडते तोच क्रम धरावा. २०१९ साली कोलंबिया विद्यापीठातील यी लुओ व निमा मेसगरानी यांनी तक्ता मांडण्याची पायरीच वगळली आणि कच्च्या नोंदींवरून थेट आवाज सुटे केले. त्यांचा निकाल तक्त्यावरील आदर्श चाळणीहूनही सरस ठरला. या सुधारणांचे मोजमाप डेसिबलांत होते: दहा डेसिबल म्हणजे मूळ आवाजाची शक्ती उरलेल्या चुकीच्या दहापट, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. दोन वक्त्यांच्या सर्वमान्य कसोटीवर २०१६ साली सुमारे ११ डेसिबलांची सुधारणा मिळत होती, ती पाच वर्षांत २२च्या वर गेली.

या आकड्यांची शहानिशा मात्र करावयास हवी. ती कसोटी ज्या आवाजांवर घेतली जाते, ते अमेरिकेतील एका आर्थिक वृत्तपत्रातील मजकूर शांत खोलीत बसून वाचणाऱ्यांचे आहेत, आणि त्यांचे मिश्रण मागाहून संगणकावर केलेले आहे. म्हणजे त्यातील दोघांनी एकमेकांस कधी ऐकलेलेच नाही. संगीताच्या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा 'एमयूएसडीबी १८' हा संग्रह १५० गाण्यांचा, सुमारे दहा तासांचा आहे, आणि त्यात प्रत्येक गाणे गळा, ड्रम, बास व 'इतर' अशा चार खात्यांत विभागलेले आहे. सर्वसामान्यांना फुकट मिळणारे स्प्लीटर व डेमक्स यांसारखे संगणकीय प्रोग्राम याच चार खात्यांचा हिशेब शिकलेले आहेत. भजनाचे ध्वनिमुद्रण त्यांच्या स्वाधीन केले की पखवाजाचे एक तोंड ड्रमच्या खाती व दुसरे बासच्या खाती पडण्याची वेळ येते, आणि वीणा, पेटी, टाळ हे सारे 'इतर' या एका कोठडीत कोंबले जातात. यंत्राची बुद्धी येथे कमी पडत नाही. त्यास नेमून दिलेले दप्तरच परक्या वहिवाटीचे आहे.

हे सर्व मनात ठेवून जात्यावरच्या ओव्यांकडे वळले म्हणजे प्रश्नाचे खरे गांभीर्य जाणवते. पुण्यास राहून हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात संगीतज्ञ व संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या सोबतीने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. पॉइटविन व राईरकर आज हयात नाहीत; त्यांचा हा ठेवा पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी' या संस्थेने २०१७ पासून लोकांसमोर आणण्यास आरंभ केला. गिरणी आली आणि दळणाबरोबर दळताना गाणेही घरातून गेले, त्यामुळे या जातीचे नवे ध्वनिमुद्रण आता क्वचितच होईल. जे आहे त्यावरच पुढील अभ्यासाची सारी भिस्त आहे.

जाते फिरत असताना गायिलेल्या ओवीचा तक्ता डोळ्यांपुढे आणून पाहावा. तळाशी दगडावर दगड फिरल्याची जाडसर घरघर पसरलेली असते, आणि ती एकसारखी नसते. खुंटा धरलेला हात ओढताना ती फुगते, परतताना ओसरते, मूठभर दाण्यांची वैरण पडली की जड व मंद होते, आणि वैरण सरत आली की कोरडी, खरखरीत होऊन वर चढते. तिच्यावर दोन बायांचे गळे, बहुधा एकाच स्वरात, एकीने ओळ सोडली की दुसरीने उचललेली. अमेरिकेतील झफर रफी व ब्रायन पार्डो यांनी २०११च्या सुमारास रीपेट नावाची जी सुटसुटीत पद्धत मांडली, ती येथे वरवर पाहता अगदी चपखल वाटते: मिश्रणात जे ठराविक काळाने पुनःपुन्हा येते ते पार्श्वभूमी समजावे, आणि जे पुन्हा येत नाही तो गळा समजावा. जात्याचा फेरा पुनःपुन्हा येतो, हे खरेच आहे. पण ओवीची चालही त्याच फेऱ्यावर बांधलेली असते. श्वास फेऱ्याने घेतला जातो, आघात ओढीवर पडतो, आणि प्रत्येक ओवीत चाल तीच राहून शब्द तेवढे बदलतात. मग गळ्याचाही मोठा हिस्सा 'पुनःपुन्हा येणारा' ठरतो, आणि जात्याबरोबर तोही पुसला जाण्याचा धोका उभा राहतो. दिंडीत माणसे माणसांस बांधलेली होती; येथे गळा श्रमासच बांधलेला आहे.

म्हणून या अल्गोरिदमची पुढील सुधारणा व्हावयाची तर तिचा आरंभ आपल्याकडील ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीपासून व्हावा लागेल, असे माझे मत आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून चाललेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीचाही सहभाग होता, आणि त्यातून निघालेल्या 'सरगा' या संग्रहात कर्नाटक संगीताच्या पुष्कळ मैफली वाद्यागणिक वेगळ्या मायक्रोफोनने टिपलेल्या आहेत. तरीही एकाच मंचावर सर्वांनी मिळून गायिल्यामुळे गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये मृदंग झिरपतो आणि मृदंगाच्या मायक्रोफोनमध्ये गळा. प्रत्येकास निरनिराळ्या खोलीत बसवून टिपावे तर गाणेच मरते. त्याच गटातील संशोधकांनी २०२३ साली ही झिरप मान्य करूनच जाळे शिकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि गूगलमधील स्कॉट विस्डम यांच्या गटाने २०२० साली सुचवलेल्या दुसऱ्या एका मार्गात तर सुट्या आवाजांची गरजच राहत नाही: दोन तयार मिश्रणे एकत्र करून यंत्रास द्यावी, त्याने पाडलेल्या तुकड्यांची फेरजुळणी करून मूळची दोन मिश्रणे परत मिळतात का ते पाहावे, आणि त्यावरून त्यास शिकवावे. हीच पद्धत पुढे रानातील पक्ष्यांच्या एकमेकांवर चढलेल्या आवाजांनाही लावली गेली. ज्यांचे सुटे आवाज मिळणे आता शक्यच नाही, त्या जात्यावरच्या मुद्रणांसाठी हा मार्ग मला सर्वांत आशेचा वाटतो.

दिंडीसाठी मात्र अजून वेळ हातात आहे. वारी दर वर्षी येते. विणेकऱ्याच्या व पखवाजवाल्याच्या अंगावर एक-एक छोटा मायक्रोफोन, रांगेच्या दोन्ही टोकांस एक-एक, आणि मुक्कामी त्याच टाळकऱ्यांकडून नुसत्या टाळांचे व नुसत्या गळ्यांचे थोडेसे मुद्रण, एवढी तजवीज एखाद्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची नाही. दिंडीप्रमुखांची संमती आणि मुद्रणाची एक प्रत दिंडीकडे ठेवण्याचे वचन, या दोन गोष्टी मात्र त्याआधी व्हावयास हव्यात. शब्द किती शिल्लक राहिले हे मोजण्यासाठी नुसत्या डेसिबलांवर न विसंबता, अभंग पाठ नसलेल्या माणसास सुटा केलेला गळा ऐकवून त्याने किती शब्द अचूक लिहिले ते पाहावे.

आणि जुन्या संग्रहांच्या बाबतीत अस्सल व नक्कल यांचा भेद कटाक्षाने पाळावा. मूळ मुद्रणास हात न लावता त्याच्या नकलेवरच काम व्हावे, आणि त्या नकलेबरोबर कोणता अल्गोरिदम, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेस वापरली, आणि कोणता आवाज गोंगाट म्हणून बाजूस काढला, याची नोंद जोडलेली असावी. बाजूस काढलेली जात्याची घरघरही पुसून न टाकता स्वतंत्र फाईल म्हणून राखावी. फेऱ्याचा वेग किती होता, वैरण कोणत्या ओळीवर पडली, ओवी म्हणणारीचा दम कोठे लागला, हे उद्याच्या अभ्यासकास मोजावयाचे झाले तर ते त्याच फाईलमधून मोजता येईल.